प्रवाळभित्तीवरील मत्स्यधनाचे रक्षण : सुमिलोन आणि अपो या दोन बेटांचा पुरावा

मत्स्यव्यवसायाच्या शास्त्रात जो प्रश्न सर्वांत अधिक चर्चिला गेला आहे तो हा की, समुद्रातून दरवर्षी किती मासळी काढली असता तिचा साठा कायम राहील. उष्णकटिबंधातील प्रवाळभित्तींच्या बाबतीत मात्र हा प्रश्न याच स्वरूपात विचारून फारसे काही हाती लागत नाही. तेथे त्याऐवजी दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात : मासेमारी कोठे करावयाची नाही, आणि ती न करण्याचा निश्चय किती वर्षे टिकवावयाचा. फिलिपाइन्समधील सुमिलोन व अपो या दोन लहान बेटांवर गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून जे दीर्घ निरीक्षण झाले, त्यावरून या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी देता येतात. ही उत्तरे कोणती, ती कशी मिळाली आणि त्यांच्या मर्यादा काय आहेत, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडावयाचे आहे.

१. प्रचलित पद्धती येथे अपुरी का पडते

मत्स्यसाठ्याच्या गणिती विचाराचा पाया शेफर यांनी १९५४ साली आणि बेव्हर्टन व होल्ट यांनी १९५७ साली घातला. शेफर यांचे लक्ष प्रशांत महासागरातील कुपा माशांकडे होते, तर बेव्हर्टन व होल्ट यांच्यासमोर उत्तर समुद्रातील चपटे मासे होते. दोन्हीकडे परिस्थिती सारखीच अनुकूल होती. धरावयाची जात एक अथवा दोन, होड्या मोजता येण्याजोग्या, मासळी ठराविक बंदरांत उतरणारी आणि तिच्या वजनाची नोंद अनेक वर्षांची. अशा ठिकाणी मासेमारीचे श्रम आणि मिळालेले उत्पन्न यांचा संबंध लावून कमाल शाश्वत उत्पन्नाचा अंदाज करणे शक्य असते.

प्रवाळभित्तीवर यांपैकी एकही गोष्ट सहसा सापडत नाही. एका लहानशा भित्तीवरसुद्धा शेकडो जातींचे मासे नांदतात, आणि कोळी त्यांतील बहुतेक सर्व जाती धरतो व खातो. साधनेही अनेक असतात : गळ, भाला, बांबूचे सापळे, नाना तऱ्हांची जाळी. मासळी उतरते ती प्रत्येक पुळणीवर. तिचा मोठा हिस्सा बाजारात न जाता घरीच शिजतो. अशा व्यवसायाची आकडेवारी गोळा करण्याचा खर्च कित्येकदा त्या मासळीच्या मोलाहून अधिक होईल. शिवाय प्रत्येक जातीसाठी वेगळी मर्यादा ठरविली तरी ती पाळावयाची कशी, हा प्रश्न उरतोच. कारण सापळ्यात कोणता मासा शिरावा हे कोळ्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. म्हणून व्यवस्थापनाचे एकक जात हे न धरता जागा हे धरावे, हा विचार पुढे आला. जागा बंद करण्याच्या उपायाचा गणिती विचार बेव्हर्टन व होल्ट यांनीही आपल्या ग्रंथात केला होता. परंतु त्याची खरी उपयुक्तता उष्ण समुद्रांत दिसून आली.

२. प्रवाळमत्स्यांच्या जीवनक्रमाची वैशिष्ट्ये

जागा राखून ठेवण्याने लाभ होईल असे मानण्यास आधार आहे तो या माशांच्या जीवनक्रमात. बहुसंख्य प्रवाळमत्स्यांच्या आयुष्याचे दोन भाग पडतात. अंड्यातून बाहेर पडलेले डिंभ काही दिवस ते काही आठवडे उघड्या समुद्रात प्लवकांबरोबर तरंगत राहतात. त्यानंतर ते एखाद्या भित्तीवर येऊन स्थिरावतात, आणि पुढील सर्व आयुष्य बहुधा त्याच परिसरात काढतात. म्हणजे प्रौढ मासा स्थानबद्ध आणि संतती फिरती, अशी ही रचना आहे. प्रौढ मासे स्थानबद्ध असल्यामुळे लहान क्षेत्र राखूनही त्यांना आयुष्य मिळते. आणि संतती फिरती असल्यामुळे त्या क्षेत्राचा लाभ बाहेरच्या भित्तींना होण्याचा संभव असतो.

दुसरे वैशिष्ट्य दीर्घायुष्याचे. प्रवाळभित्तीवरील लहान चणीचे मासे अल्पायुषी असावेत अशी पूर्वी समजूत होती. कानातील अस्थिखड्यांवरील वार्षिक वलये मोजण्याची पद्धत रूढ झाल्यावर ती बदलावी लागली. शस्त्रमीन कुळातील, म्हणजे शेपटीच्या बुडाशी सुरीसारखा काटा असलेले, कित्येक मासे तीस ते चाळीस वर्षे जगतात असे आढळून आले आहे. अशा माशांची वाढ पहिल्या काही वर्षांत होऊन जाते आणि पुढची दशके ते केवळ प्रजनन करीत राहतात. ही दशकेच मासेमारी प्रथम कापून टाकते.

तिसरे वैशिष्ट्य लिंगपरिवर्तनाचे. हेकरूच्या अनेक जाती आणि बहुतेक पोपटमासे आयुष्याच्या आरंभी मादी असतात व पुढे त्यांतील काही नर होतात. मोठे मासे वेचून काढले म्हणजे साठ्यातील नरच प्रथम संपतात. ज्या जातीत एकूण संख्या अद्याप बरी दिसते, त्या जातीतही प्रजननाची क्षमता अगोदरच खालावलेली असू शकते.

चौथी गोष्ट आकार व अंडी यांच्या प्रमाणाची. मादी लांबीने दीडपट झाली म्हणजे तिची अंडी दीडपट होतात असे नाही. मेक्सिकोच्या आखातातील तांबोशीच्या जातीविषयीची गणना या संदर्भात नेहमी दिली जाते : ६१ सेंटिमीटर लांबीची एक मादी जितकी अंडी घालते, तितकी अंडी घालण्यास ४२ सेंटिमीटर लांबीच्या २१२ माद्या लागतात. तेव्हा थोड्या वृद्ध माद्या जिवंत ठेवणे हे पुष्कळ तरुण माद्या जिवंत ठेवण्याहून अधिक फलदायी ठरू शकते. जाळ्याच्या आसाचा आकार वाढविल्याने लहान मासे वाचतात, परंतु मोठे वाचत नाहीत. मोठ्यांना अभय मिळते ते ठराविक जागी मासेमारीच थांबविल्याने.

३. सुमिलोन : एक अनपेक्षित प्रयोग

सुमिलोन हे सेबू बेटाच्या आग्नेय टोकाजवळचे लहानसे बेट. नेग्रोस बेटावरील डुमागेटे येथील सिलिमन विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ एंजल अल्काला यांच्या पुढाकाराने १९७४ साली त्याच्या भित्तीचा सुमारे एक-चतुर्थांश भाग मासेमारीस बंद करण्यात आला. फिलिपाइन्समधील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या राखीव क्षेत्रांपैकी हे होय. उरलेल्या तीन-चतुर्थांश भागावर सेबूच्या किनाऱ्यावरील कोळी पूर्वीप्रमाणे गळ, सापळे आणि कल्ल्यांत अडकविणारी जाळी यांनी मासेमारी करीत राहिले. विद्यापीठाने या मासळीची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. पुढे ऑस्ट्रेलियातील गॅरी रस हे या कामात सहभागी झाले. पाण्याखाली मोजलेल्या पट्ट्यांवरून पोहत जाऊन प्रत्येक जातीचे मासे व त्यांचे अंदाजी आकार लिहून घ्यावयाचे, अशी गणनेची पद्धत होती. तिच्यात कोणताही मासा मारावा लागत नाही, आणि तीच जागा वर्षानुवर्षे पुन्हा मोजता येते.

सुमारे दहा वर्षे ही बंदी टिकली. १९८४ साली स्थानिक राजकारणातील बदलांमुळे ती कोसळली आणि राखीव भागातही मासेमारी सुरू झाली. संरक्षणाच्या दृष्टीने ही आपत्ती होती. परंतु तिच्यामुळे जो पुरावा हाती आला तो एरवी मिळाला नसता. बंदी उठल्यामुळे मासेमारीस मोकळे असलेले क्षेत्र तीन-चतुर्थांशावरून पूर्ण झाले, म्हणजे एक-तृतीयांशाने वाढले. राखीव भागाचा बाहेरच्या कोळ्यांना काहीच उपयोग होत नव्हता असे मानले, तर क्षेत्रवाढीबरोबर एकूण उत्पन्न वाढावयास हवे होते, निदान काही काळ तरी. प्रत्यक्षात १९८३-८४ च्या तुलनेने १९८५-८६ मध्ये एकूण उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आले. गळ आणि जाळी यांच्या श्रमामागे मिळणारी मासळी निम्म्याहून अधिक घटली, आणि सापळ्यांची सुमारे एक-तृतीयांशाने. अल्काला व रस यांनी १९९० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या पुराव्याचे वजन किती मानावे, याचा विचार विद्यार्थ्यांनी काळजीपूर्वक केला पाहिजे. भित्ती एकच होती, पुनरावृत्ती नव्हती, आणि १९८४ नंतरच्या मासेमारीत स्फोटकांसारखी विध्वंसक साधनेही वापरली गेली होती. त्यामुळे घटीचा काही भाग प्रवाळांच्या नाशामुळे झाला असेल, ही शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. तथापि कारण काढून घेतले असता परिणामही नाहीसा होतो, ही तर्कशास्त्रातील जुनी कसोटी येथे लागू पडते. पुढे १९८७ साली बंदी पुन्हा अमलात आली, १९९२ साली ती पुन्हा मोडली. आणि मोठ्या शिकारी माशांची संख्या प्रत्येक वेळी बंदीबरोबर चढत व मासेमारीबरोबर उतरत गेली. एकाच ठिकाणी कारण व परिणाम यांची अशी वारंवार झालेली जोडी योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे.

४. अपो : ग्रामस्थांची राखण

अपो हे नेग्रोसच्या किनाऱ्याजवळचे बेट. सुमिलोनवर कायमची वस्ती जवळजवळ नव्हती. अपोवर मात्र काही शेकडो लोकांचे गाव आहे, आणि त्यातील बहुतेक कुटुंबे मासेमारीवर जगत आली आहेत. १९८२ साली, सिलिमन विद्यापीठातील मंडळींशी झालेल्या दीर्घ चर्चेनंतर, ग्रामस्थांनी आपल्या भित्तीचा सुमारे दहावा हिस्सा, किनाऱ्यालगत साडेचारशे मीटर लांबीचा पट्टा, आपण होऊन बंद केला. नगरपालिकेचा ठराव त्यानंतर झाला. म्हणजे येथे कायदा मागाहून आला आणि रिवाज अगोदर पडला. राखणीचे कामही गावातीलच लोकांकडे होते. त्यांना तेथील भाषेत बांताय दागात, म्हणजे समुद्राचे पहारेकरी, असे म्हणतात.

या पट्ट्यात आणि त्याच्या बाहेरच्या पाण्यात १९८३ पासून गणना होत गेली. शस्त्रमीन व खडपेमासे या दोन कुळांच्या बाबतीत, ज्यांच्यावर अपोच्या कोळ्यांचे बरेचसे उत्पन्न अवलंबून आहे, राखीव भागातील जैवभार १९८३ ते २००१ या काळात तिप्पट झाला. बाहेरच्या भागातही वाढ दिसली. पण ती सर्वत्र सारखी नव्हती. राखीव क्षेत्राच्या सीमेपासून दोनशे ते अडीचशे मीटरांच्या टापूत ती स्पष्ट होती, आणि त्यापलीकडे ती क्षीण होत गेली. गळाने मासे धरणाऱ्यांची श्रमामागील मिळकतही सीमेजवळच अधिक आढळली. राखीव क्षेत्रातील वाढती वस्ती हळूहळू बाहेर ओसंडते, या कल्पनेला यामुळे चांगला आधार मिळाला. आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. त्या दोन कुळांचे उत्पन्न राखीव क्षेत्र होण्यापूर्वीच्या उत्पन्नाहून कमी न होता वाढले, आणि तेही मासेमारीचे श्रम घटले असताना.

ओसंडण्याखेरीज दुसराही एक मार्ग आहे : राखीव भागातील वृद्ध माशांच्या अंड्यांतून निघालेले डिंभ प्रवाहाबरोबर दूरच्या भित्तींवर पोचणे. प्रमाणाने हा लाभ मोठा असणे शक्य आहे. पण ओसंडणाऱ्या प्रौढ माशासारखा तो सीमेवरच्या कोळ्याच्या गळाला लागत नाही. त्यामुळे कोळ्याच्या मनावर त्याची खात्री पटविणेही तितकेच अवघड जाते.

५. वाढीचा वेग आणि नाशाचा वेग

आता या निरीक्षणांतील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. हेकरू, तांबोशी व त्यांच्यासारखे मोठे शिकारी मासे यांचा जैवभार राखीव क्षेत्रांत कसा वाढत गेला, याचे दीर्घकालीन विश्लेषण रस व अल्काला यांनी २००४ साली मांडले. सुमिलोनवर नऊ वर्षांच्या आणि अपोवर अठरा वर्षांच्या अखंड संरक्षणानंतरही ही वाढ थांबल्याचे चिन्ह दिसत नव्हते. साठा पूर्णपणे भरून येण्यास सुमिलोनवर सुमारे पंधरा, तर अपोवर सुमारे चाळीस वर्षे लागतील, असा त्यांचा अंदाज होता.

याच्या उलट, तो साठा रिकामा होण्यास किती काळ लागतो हे सुमिलोनने दाखविले आहे. दहा वर्षांत जे साठले ते दीड-दोन वर्षांच्या मासेमारीत निघून गेले. जमा आणि खर्च यांच्या वेगातील ही विषमता हाच प्रवाळमत्स्यांच्या व्यवस्थापनाचा गाभा होय. त्यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, भित्तीचा एक भाग पाच वर्षे बंद ठेवून मग उघडावा व दुसरा बंद करावा, ही आळीपाळीची पद्धत झपाट्याने वाढणाऱ्या जातींना मानवली तरी हेकरूसारख्या जातींना मानवणार नाही. त्यांच्या बाबतीत पाच वर्षांची बचत थोड्याच काळात खर्ची पडेल. दुसरा असा की, आरंभीच्या तीन-चार वर्षांत फळ दिसले नाही म्हणून बंदी निष्फळ ठरविणे ही घाई होय. निवडून आलेल्या कोणत्याही मंडळाची मुदत या वाढीच्या मानाने तोकडीच असते, आणि संशोधनाच्या अनुदानाची मुदत तर त्याहूनही तोकडी.

६. राखणदार कोणी असावे

एकच समुद्र, तेच शास्त्रज्ञ, जवळजवळ त्याच जाती. असे असता एका बेटावर बंदी वारंवार मोडली आणि दुसऱ्यावर दशकानुदशके टिकली. याचे कारण जीवशास्त्रात सापडत नाही. सुमिलोनच्या भित्तीवर जगणारे लोक समोरच्या किनाऱ्यावर राहत. बंदीचा निर्णय विद्यापीठ व स्थानिक शासन यांच्यामध्ये झालेला होता, आणि सत्तेवरील व्यक्ती बदलली तेव्हा तो निराधार झाला. अपोवर बंदी घालणारे, ती पाळणारे, तिची राखण करणारे आणि तिच्यापासून लाभ मिळविणारे हे सर्व एकच लोक होते. नियम मोडणारा परका असो वा शेजारी, तो घराच्या दारातून दिसत असे.

फिलिपाइन्सच्या शासनाने १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने आणि १९९८ च्या मत्स्यव्यवसाय संहितेने किनाऱ्यापासून पंधरा किलोमीटरपर्यंतच्या पाण्याची व्यवस्था नगरपालिकांकडे सोपविली. अशा गावकी राखणीस त्यामुळे कायद्याचे बळ मिळाले, आणि त्या देशात लहान लहान राखीव क्षेत्रांची संख्या शेकड्यांनी वाढली. अर्थात जाहीर झालेले प्रत्येक क्षेत्र खरोखर राखले जाते असे नाही. कागदावरची सीमा ओलांडण्यास मासे काय किंवा कोळी काय, कोणीच कचरत नाही.

आपल्या किनाऱ्यावरील एका उदाहरणाचा येथे उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळांची वस्ती आहे. त्या भागातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. परंतु स्थानिक मच्छीमारांचा त्यास विरोध राहिला. ज्या किनाऱ्यावर रापणीसारखा, जाळे ओढण्याचे श्रम आणि मासळीचा वाटा या दोन्ही गोष्टी सामायिक मानणारा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तेथे समाईक नियमांची परंपरा नाही असे कोणी म्हणणार नाही. अपोचा अनुभव खरा मानावयाचा तर राखणीच्या नियमाचा उगम अशा परंपरेतून व्हावा, म्हणजे त्याला आयुष्य लाभते.

७. उपायाच्या मर्यादा

राखीव क्षेत्र हा सर्व रोगांवरील एकच उपाय आहे, असे या विवेचनावरून कोणी समजू नये. बंद केलेल्या जागेतील होड्या नाहीशा होत नाहीत. त्या उरलेल्या जागेत जातात. एकूण श्रम मुळातच बेसुमार असतील तर बाहेरचा साठा त्यामुळे अधिकच लवकर खालावतो. म्हणून स्फोटके, विष व अतिबारीक आसाची जाळी यांवरील बंदी आणि होड्यांच्या संख्येवरील नियंत्रण हे उपाय बरोबरीने योजावे लागतात. शिवाय काही हेकरू प्रजननासाठी दूरदूरच्या भित्तींवरून ठराविक जागी, ठराविक चंद्रकलेस एकत्र जमतात. कॅरिबियन समुद्रातील नॅसाऊ हेकरूचे असे कित्येक मेळे मासेमारीने कायमचे नष्ट झाले आहेत. मेळ्याच्या जागी काही दिवस विपुल मासळी मिळत असल्यामुळे साठा ओसरत चालला आहे हे शेवटपर्यंत ध्यानात येत नाही. गावाजवळची लहान राखीव जागा अशा जातीला वाचवू शकत नाही. तिच्यासाठी मेळ्याची जागा व काळ दोन्ही राखावी लागतात.

सर्वांत मोठी मर्यादा निसर्गाकडून येते. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ मधील चक्रीवादळांनी अपोच्या राखीव पट्ट्यातील प्रवाळांची अतोनात हानी केली. तीस वर्षे मासेमारीपासून राखलेली जागा लाटांपासून कोणी राखू शकले नाही. समुद्राचे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडण्याचे प्रकार १९९८ नंतर वारंवार घडत आहेत, आणि त्यांच्यापुढेही पहारेकऱ्यांचा इलाज चालत नाही. मासेमारीवरील बंदी मासेमारीचेच परिणाम टाळू शकते. यावरून बंदी व्यर्थ ठरत नाही. मात्र सर्व बचत एकाच पट्ट्यात ठेवणे धोक्याचे आहे, आणि एकमेकांपासून काही अंतरावर अनेक राखीव जागा असल्या पाहिजेत, एवढे त्यावरून निश्चित होते. एक उद्ध्वस्त झाली तरी दुसरीतील डिंभ तिच्यापर्यंत पोचू शकतात.

या दोन बेटांवरील कामाचे मोल त्याच्या आकड्यांइतकेच त्याच्या चिकाटीत आहे. एंजल अल्काला यांचे २०२३ साली निधन झाले. तोपर्यंत सुमिलोनची पहिली बंदी घातल्यास जवळजवळ अर्धशतक लोटले होते. चाळीस वर्षांत भरून येणाऱ्या साठ्याविषयी चार वर्षांच्या निरीक्षणावरून काही सांगता येत नाही, ही गोष्ट संशोधकाला जितकी लागू आहे तितकीच शासनालाही. आपल्या किनाऱ्यावरील प्रवाळस्थानांचा अभ्यास हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी अशी जागा व अशी पद्धत निवडावी की, त्याच्यामागून येणाऱ्यास तेथेच, त्याच रीतीने पुन्हा मोजता येईल; आणि त्या जागेवर ज्यांचे पोट आहे त्यांना त्या मोजणीत आरंभापासून सहभागी करून घ्यावे.